सासूबाईंचं पाणी

म्हाताऱ्यांचे हाल कुठल्या घरात होतात हे आपल्याला बरोबर कळतं, अशी माझी समजूत होती. आमच्या शेलार गावात एकानं बापाला एकट्याला पडवीत जेवायला बसवलं, तर मी भर रस्त्यात त्याची खरडपट्टी काढली होती. तोंड आहे मला, नाही म्हणत नाही. पॉवरलूमच्या खटखटीशेजारी संसार केला, हळू बोलायची सवयच नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई वाळत चालल्या. वय ऐंशीच्या पुढे. चक्कर यायची, जीभ कोरडी पडायची. पेज, मऊ भात, औषधं, सगळं मी वेळेवर देत होते, तरी फरक नाही. शेवटी रिक्षात बसवून भिवंडीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई विचारत होत्या आईंना आणि उत्तरं देत होते मी. "भूक लागते का?" "लागते." "झोप येते?" "मस्त येते." मग बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." मला! मी फणकाऱ्यानं उठले.

पण आईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या बोलतात मोठ्यानं. बाहेर बाकड्यावर शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आजी, पाणी किती पिता?"

"सकालचा च्या, बास. पानी पिलं का मोरीत जावं लागतं. उठलं का सून वरडते, आत्ताच तर जाऊन आलात! मंग मी पीतच न्हाय. चांगली हाय पोर, तिला तरास कशाला?"

बाकड्यावर सात-आठ पेशंट. शेजारी बसलेली एक खाला ओढणीआड हसली, "अम्मा ने तो सब बोल दिया!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाल करायला हात उचलावा लागतो थोडाच? माझ्या तोंडानंच काम केलं होतं. तिथेच रडू आलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "दर दोन तासांनी पाणी द्या, आणि त्या उठल्या की काही बोलू नका," एवढंच म्हणाल्या. माझ्यासाठी सगळ्यात कडू औषध हेच!

आमच्या ह्यांनी मोरीपर्यंत भिंतीला धरायला दांडी बसवली. मी गोड आवाजात विचारते, "आई, जायचं का?" पोरं खिदळतात. आई म्हणतात, "तुला बरं न्हाय का गं आज?" चक्कर कधीच गेली. आता ओट्यावर बसून अख्ख्या आळीच्या खोड्या काढतात.

फक्त पाण्याचा पेला हातात दिला की आधी माझ्या तोंडाकडे बघतात, आणि मगच घोट घेतात.