तिवईचा हात

आमच्या भाऊजींना सगळे 'तिवई' म्हणतात. ताईचा नवरा, समारंभांचे व्हिडिओ काढणारा माणूस. कॅमेरा हातात धरून पाऊण तास उभे राहिले तरी चित्र तसूभर हलायचं नाही, म्हणून तिवई. "तिवईला कशाला हवाय स्टँड?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता वाटतं, एकदा तरी म्हणा हो.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "थांबलंय आता," असं भाऊजींनी ताईला सांगितलं आणि तिनं विश्वास ठेवला. मला ते कसं पटणार? त्यांचं एडिटिंग मीच करतो. दर महिन्याला चित्र जास्त हलत होतं. मी ते कॉम्प्युटरवर स्थिर करून घ्यायचो. त्यात चारी कडा थोड्या कापल्या जातात, पण गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. भाऊजींनाही मी काही बोललो नाही. आपण मोठा समजूतदारपणा दाखवतोय असं वाटायचं. खरं तर तोंड उघडायची हिंमत नव्हती.

मग परवा तेच म्हणाले, "चल, एक गिंबल बघून येऊ. हल्ली सगळे वापरतात." रस्त्यात पुन्हा एकदा म्हणाले, "सगळेच वापरतात."

दुकानदारानं काउंटरवर तीन गिंबल मांडले. एका मुठीवर कॅमेरा बसवायचा. सांध्यांमध्ये मोटारी असतात. हात हलला की त्या उलट फिरतात आणि कॅमेरा जागच्या जागी राहतो. त्यानं मधल्यावर आमचा कॅमेरा बसवून दिला. भाऊजी दुकानभर फिरले, दाराच्या तीन पायऱ्या उतरले, चढले. फोटोला फ्रेम घ्यायला एक म्हातारं जोडपं आलं होतं. आजोबांचा चष्मा काढून आजी तो रुमालानं पुसत होत्या. भाऊजी पार जवळ गेले, तरी त्या दोघांना कळलं नाही.

स्क्रीनवर पाहिलं तर आजींची बोटं, काच आणि आजोबांचे मिचमिचे डोळे, सगळं स्वच्छ. काही म्हणजे काही हललं नव्हतं.

"मेव्हणेबुवा, तिवई परत आली!" भाऊजींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलो. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"आता दुसरी लेन्स लावून बघू," ते म्हणाले.

"लावा की. फक्त लेन्स बदलली की वजन सरकतं, मग पुन्हा बॅलन्स करायचं," दुकानदार म्हणाला. "स्क्रू ढिला करा, कॅमेरा केसभर पुढेमागे सरकवा. सोडला तिथं थांबला की घट्ट करा. हात बसला की दोन मिनिटांचं काम."

"द्या इकडे. मी करतो."

मी बाजूला उभा राहिलो. स्क्रू ढिला झाला. कॅमेरा केसभर सरकवायचा होता, तो बोटभर सरकला. मागे घेतला, तर फारच मागे गेला. मी हात पुढे केला. "राहू दे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. पाच मिनिटं झाली, सात झाली. शेवटी तसाच घट्ट करून त्यांनी बटण दाबलं. मोटारी घरघरल्या आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. दुकानदार भला माणूस, पाठ फिरवून नीट असलेलं कपाट नीट लावायला लागला.

"याच्यापेक्षा सोपा आहे का?" भाऊजींनी विचारलं.

"बॅलन्स सगळ्यांनाच करावा लागतो, साहेब."

मी हळूच म्हणालो, "भाऊजी, मी कॉम्प्युटरवर करतोच ना स्थिर. दोन वर्षं करतोय."

"माहीत आहे. कडेची माणसं अर्धी होत होती. म्हणून तर वर्षभर दोन पावलं मागे उभं राहून काढतोय. तुला कापायला जागा हवी ना."

कॅमेरा माणसांच्या चेहऱ्याजवळ नेण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तो माणूस माझ्यासाठी मागे सरकत होता आणि मी स्वतःला समजूतदार म्हणवत होतो.

आम्ही मधलाच घेतला. घरी ताईनं दारातच विचारलं, "सुटली ना काळजी?"

"सुटली," भाऊजी म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांना काम होतं. मी बॅलन्स करून द्यायला गेलो. "मी येतो बरोबर, लेन्स बदलून देईन," म्हटलं.

"कामावर मी एकटाच जातो."

"मग कोणती लावू? चेहरे जवळून घ्यायची?"

त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"नको, वाइड लाव. सगळं एकदाच येऊ दे. चेहरे नंतर तू कापून काढ."