ओविदियोच्या बोटांना कळत होतं

तुरियाल्बा गावच्या बागेच्या कोपऱ्यावर माझी बूटपॉलिशची खुर्ची आहे आणि तिच्यापासून दोन हातांवर ओविदियोचं लॉटरीचं स्टूल. बावीस वर्षं आम्ही असे शेजारी बसतोय. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, असं मी समजतो. कुणाला पटत नसेल त्याने दुसरीकडे बूट चमकवून घ्यावेत.

ओविदियोचे डोळे लहानपणीच तापात गेले. आई होती तोवर ठीक होतं. ती गेल्यावर तो एका गॅरेजमागच्या खोलीत एकटाच राहायला लागला. ख्रिसमसला त्याला कुणी जेवायला बोलावलं असेल, तर ते मला ठाऊक नाही. मीही बोलावलं नाही, खोटं कशाला सांगू?

गिऱ्हाईक तिकीट घेऊन नोट पुढे करायचं. ओविदियो विचारायचा, "कितीची?" गिऱ्हाईक म्हणायचं, "लाल," म्हणजे हजार कोलोनची, किंवा "पाच हजारांची," आणि त्या शब्दावर हा नोट गल्ल्याच्या त्या कप्प्यात टाकून सुटे परत द्यायचा. जुन्या नोटा सगळ्या एकाच मापाच्या. लाल काय नि निळी काय, त्याच्या हाताला सारख्याच. तरी बारा वर्षांत एकाही माणसाने आपल्याला फसवलं नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा. मी म्हणायचो, मग ते गाव कुठलं ते मलाही दाखव.

बारा वर्षं म्हणायचं कारण फ्लोरिबेथ. ती समोरच्या बेकरीत कामाला लागली तेव्हापासूनची ही गोष्ट. पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई, पहाटेपासून भट्टीपाशी उभी. संध्याकाळी सव्वापाचला सुटली की त्याच्यासाठी कॉफी आणि चीज भरलेली करंजी घेऊन यायची, शेजारी बसायची आणि गल्ल्यातली एकेक नोट उचलून कितीची ते सांगायची. तो ती आपल्या पद्धतीने दुमडून वेगवेगळ्या खिशांत ठेवायचा. काम दहा मिनिटांचं, पण ती अर्धा तास बसायची. साडेपाचची, तिच्या गावाला म्हणजे ला सुइसाला जाणारी बस तिच्या डोळ्यांदेखत निघून जायची आणि ती मालकाच्या चिडचिडीबद्दल, बहिणीच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहायची. पुढची बस साडेसहाला.

एकदा त्याने तिला विचारलं, दुकानांच्या पाट्यांवर किमतीच्या आधी कोलोनची खूण काढतात, ती दिसते कशी? फ्लोरिबेथने त्याचा तळहात उघडला, बोटाने त्यावर उजवीकडे उघडा असा अर्धगोल काढला आणि त्यातून दोन तिरक्या रेघा मारल्या. "इतकंच?" तो म्हणाला. "इतकंच," ती म्हणाली. त्याने मूठ मिटली, ती फ्लोरिबेथ गेल्यावरही बराच वेळ उघडली नाही. मी समोरच्या बुटाकडे बघत बसलो.

मग नव्या नोटा आल्या. हजाराची सगळ्यांत आखूड, पुढची प्रत्येक आधीच्या नोटेपेक्षा बोटाच्या नखाएवढी जास्त लांब. रेडिओवर सांगत होते, अंधांची सोय होईल. मी चार नोटा आणून त्याच्या हातात दिल्या. आठवडाभरात त्याची बोटं इतकी तयार झाली, की नोट टोकाला धरली तरी त्याला कळायचं. मी म्हटलं, सुटलास बाबा एकदाचा, आज फ्लोरिबेथला सांगून टाक.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

मी हसलो. मग त्याचं तोंड पाहिलं. ज्या माणसाशी दिवसभरात "कितीची" यापलीकडे कुणी बोलत नाही, त्याला तो अर्धा तास म्हणजे काय हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

असे पाच महिने गेले. तो गिऱ्हाइकांना विचारत राहिला, ती संध्याकाळी सांगत राहिली. मग एका मंगळवारी कुणीतरी हजाराची नोट देऊन "पाच हजार" म्हटलं. मी वाकून टाच घासत होतो, माझं लक्ष नव्हतं. ओविदियोला हातात पडताक्षणी कळलं. पण आरडाओरडा केला तर सगळ्या बागेला कळणार, बेकरीलाही कळणार. त्याने मुकाट्याने सुटे दिले.

संध्याकाळी फ्लोरिबेथने पाच हजारांच्या कप्प्यातून ती आखूड नोट उचलली, जरा थांबली आणि म्हणाली, "पाच हजार." त्याच्या हातात आली ती लांब नोट. खरीखुरी पाच हजाराची, तिच्या एप्रनच्या खिशातली.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, असं दुसऱ्या दिवशी म्हणाला. हे तिने किती वेळा केलं असेल? बारा वर्षांत गावाने त्याला फसवलं नाही, कारण फसवणूक ती आपल्या पगारातून भरत होती. आणि आता तर तो समजून उमजून तिला भरायला लावत होता. सांगावं, तर अर्धा तास गेला. न सांगावं, तर तिचा खिसा कापला जातोय. "मी काय करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नकोस, मी बुटांतला माणूस.

शुक्रवारी त्याने सांगितलं. मी गिऱ्हाइकाशिवाय बसलो होतो, सगळं ऐकलं.

"फ्लोरिबेथ, या नव्या नोटा मला कळतात. पहिल्यापासून कळतात. मंगळवारची तुमची पाच हजाराची परत घ्या."

तिने नोट घेतली नाही. "पहिल्यापासून?"

"पाच महिने."

"मग मला का बसवून ठेवलंत?"

तो नोट तशीच पुढे धरून राहिला. तिने कॉफीचा रिकामा पेला उचलला आणि अगदी हळू विचारलं, "मग आता मी कशाला येऊ?"

ही बाई उत्तर मागत होती, हे मला दिसलं. तिचा चेहरा लालेलाल झाला होता आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती, की डोळे असलेल्या कुठल्याही मूर्खाला समजलं असतं.

"खरंच, आता कशाला," ओविदियो म्हणाला. "बारा वर्षं तुम्हाला त्रास दिला. आता साडेपाचची बस मिळेल तुम्हाला."

ती उठली, पण गेली नाही. तीन पावलांवर पेला छातीशी धरून उभी राहिली. त्याने नोट मांडीवर ठेवली, दोन्ही हातांनी सपाट केली, पुन्हा केली. मग माझ्या दिशेला मान वळवून म्हणाला, "गेली का रे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवून मला खुणावलं, हो म्हण.

"गेली," मी म्हटलं.

तेव्हा तो रडायला लागला. ती ते बघत अजून थोडा वेळ उभी होती. मग पावलांचा आवाज होऊ न देता बसच्या थांब्याकडे गेली.