कमलम्माची यात्रेची आडत

"दहा हजार रुपये तुमच्या हातून गेले वैनी, अन् तुम्ही म्हणता कमाई न्हाई?"

महादेवप्पाचा आवाज भिंतीवरून आमच्या अंगणात आला. मी ज्वारी निवडत होते. निवडणं थांबवलं नाही, हात तेवढे हळू केले. उदगीरला शेजारचं भांडण ऐकायला तिकीट लागत नाही.

"हातून गेले ते माझे कसे, भाऊजी?" ही कमलम्मा, त्याच्या थोरल्या भावाची विधवा. "बस लातूरच्या नरसिंगशेटची. जेवण त्याचं, मुक्काम त्याचा. श्रीशैलला माणशी दोनशे. मी माणसं जमवते, त्याचे मला शंभराला आठ मिळतात. बाकीचे लातूरला पोचते करते."

"दुकानाचा ओटा वापरता, घराचं नाव वापरता. जमलेल्या पैशाचा चौथा हिस्सा घरात टाका."

"चौथा म्हंजे माणशी पन्नास. मला मिळतात सोळा. वरचे चौतीस कुणाकडनं आणू?" मग ती जरा थांबली. "तुमच्या आडतीत शेतकऱ्याची तूर येते. ती विकून तुम्ही आडत कापून घेता. तेवढी सगळी तूर तुमची असते का?"

महादेवप्पाच्या चपला दाराकडं वाजल्या.

"आडतीला गादी लागते, वैनी. तोंड चालवणं म्हंजे आडत न्हवं. या शिवरात्रीला बस भरून दावा. न्हाई भरली तर ओटा पानवाल्याला देतो."

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हा. आधी कागदाच्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागे. मग लातूरला साहेब आले, साहेबांमागं हॉटेलं आली अन् नरसिंगशेटची यात्रेची बसही आली. पन्नास माणसं भरली तरच ती हलायची. कमलम्माचं अन् तिच्या लेकीचं, सिंधूचं पोट त्या ओट्यावर होतं. त्या साली पाऊस झाला नव्हता, विहिरींचे तळ दिसत होते. ते बघूनच महादेवप्पानं शिवरात्रीची अट घातली. वर बाजारभर सांगून बसला की आमच्या वैनी दहा हजार कमावतात. मठाची वर्गणी मागायला लोक आले, त्यांनीही तिला मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या शेटांच्या रांगेत बसवून तेवढाच आकडा लावला. पुरणाचं जेवण एकाचं अन् ढेकर दुसऱ्याचा, तसं झालं.

देवणीजवळच्या खेड्यात माझं माहेर. कमलम्मा तिकडं निघाली तशी मीही निघाले. दारोदार नकार. तिथला दगडोबा म्हणाला, "पैशाचं न्हाई, अक्का. नवसाचे बाजूला काढून ठेवलेत. पण बैलाला पाणी कोण दावील? टँकर आला की घरचं माणूस लागतं."

पुढच्या घरी गुंडप्पाचं तेच, त्याच्या पलीकडं शिवम्माचं तेच. कमलम्मा ऐकत गेली. परतीच्या एसटीत मी म्हणाले, "झालं, ओटा गेला." ती म्हणाली, "एकानंबी पैसे न्हाईत असं म्हटलं न्हाई, ऐकलं का?"

दुसऱ्या दिवशी परत तिथंच. दगडोबाला अन् गुंडप्पाला समोरासमोर बसवलं. बांधावरून दोघांची बोलचाल बंद होती.

"दगडोबा घरच्यांना घेऊन शिवरात्रीला जाईल. त्याची बैलं, त्याचा टँकरचा नंबर गुंडप्पा बघंल. पाडव्याला गुंडप्पा जाईल, दगडोबा बघंल. पाडव्यालाबी श्रीशैलला मोठी जत्रा असते."

"ह्याची बैलं मी बघू?" गुंडप्पा म्हणाला. "शिंगं मारत्यात. मालकावर गेल्यात."

"मग श्रीशैलच्या महादेवाला काय सांगशील? दगडोबाचा बैल मारतो म्हणून दर्शनाला आलो न्हाई?"

दगडोबाच आधी हसला. तिथून गावागावांत तिनं घरांच्या जोड्या लावल्या. असा शेजार कुणी देवाकडं वर म्हणून मागितला नसता, पण जमला. महिन्याभरात ती लातूरला गेली अन् नरसिंगशेटला म्हणाली, "एक न्हाई, दोन बस लागतील."

"दुष्काळात लोक यात्रेला निघतात होय?"

"लोक निघाले. बैलं हायती घरी."

शिवरात्रीची बस गच्च भरून गेली अन् पाडव्याच्या बसमध्ये दोनच जागा उरल्या, तेव्हा महादेवप्पा ओट्यावर आला. त्याची बायको उमादेवी यात्रेला जायचा हट्ट धरून बसली होती.

"घरच्यांना काय सूट?" त्यानं विचारलं.

"तिकीट माझं असतं तर सगळं सोडलं असतं, भाऊजी. त्यातले सोळा माझे. ते सोडते."

महादेवप्पानं एकशे चौऱ्याऐंशी काढून दिले अन् तिथंच उभा राहिला. पक्का आडत्या तो. स्वतःच्या खिशातून गेल्यावर लगेच उमगलं.

"म्हंजे सोळाच, वैनी?"

"सोळाच."

"मग माझा चौथा हिस्सा चार रुपयांचा." वर म्हणाला, "तोबी ठेवा तुमच्याकडंच." दुसऱ्या दिवशी आपल्या आडतीतली पांढरी गादी त्यानं हमालाकडून ओट्यावर टाकून घेतली. मठवाल्यांना हाक मारून स्वतः सांगितलं, आकडा खाली आणा. त्या पाडव्याला कमलम्मा गादीवर मांडी घालून बसली होती अन् सबंध बाजार बस बघायला उभा होता. उमादेवी खिडकीतून असा हात हलवत होती, जणू बस तिच्याच माहेरची.

त्या गादीवर कमलम्मानं सिंधूला शिकवलं, तिचं लग्न लावलं अन् दोन नातवंडं खेळवली.

परवाच्या माघात ती लातूरला जाऊन सीटांचे पैसे भरून आली. आपली आडत कनवटीला वेगळी. संध्याकाळच्या एसटीनं उतरली अन् घरी न जाता आधी माझ्या दारात आली. म्हणाली, "श्रीशैलच्या बसची पुढची सीट मिळवली तुला, पाय लांब करता येतील. धपाटे जरा जास्तीचे आण, नरसिंगशेटचा स्वयंपाकी मीठ विसरतो." पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं अन् पुढच्या घरी सीट नंबर सांगायला गेली.