आयलीनने शेवटची सीट तपासली

आयलीन कारवोनेनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि आमच्या गावच्या बर्फात ती एकदाही घसरवली नाही. अशा बाईला तिच्याच लेकीने म्हणावं, "आई, गाडी विकून टाक"? मी नुसता शेजारी, तरी माझं डोकं फिरलं.

निमित्त झालं विम्याचं. जानेवारीत तिच्या निळ्या ब्युइक गाडीचा हप्ता वाढून वर्षाला सव्वीसशे डॉलर झाला. पेन्शनीत ते बसेना. लेक क्रिस्टा फोनवर म्हणाली, "इतके कशाला भरतेस? मार्क्वेटला माझ्याकडे ये राहायला. कुठे जायचं असेल तिथे मी सोडीन." पोरगी प्रेमानेच बोलत होती. पण गाडी गेली की तळ्याकाठच्या सौनातलं वाफेचं स्नान गेलं, मंगळवारी चर्चच्या तळघरात मांस-बटाट्याच्या पेस्टी भरणं गेलं, आणि मनात आलं की उठून निघणंही गेलं.

"दुसरीकडे भाव तर विचार," मी म्हणालो.

"रॉजरला काय वाटेल?"

रॉजर तिचा विमा एजंट. दर नाताळात कॅलेंडर पाठवतो. भीड भिकेची बहीण, दुसरं काय!

"कॅलेंडर मी आणून देतो तुला," मी म्हणालो, तेव्हा कुठे तिने तीन कंपन्यांना फोन केले. प्रत्येकाने विचारलं, गाडी कोण कोण चालवतं? हिने सांगितलं, मी एकटी. तिघांचेही आकडे टपालाने आले, बाराशेच्या आसपास. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने रॉजरचे धरून चौघांचेही कागद मांडले आणि मला कॉफी नि वेलचीचा पाव दिला.

"घे की यातला स्वस्त," मी म्हणालो.

"थांब रे. स्वस्त का आहे ते तरी बघू."

बस सुरू करण्याआधी ती रोज गाडीभोवती फिरून एकेक चाक, एकेक दिवा तपासायची. तसेच तिने कागद तपासले. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान, आपल्या गाडीचं, हरीण आडवं आलं तर काय. एक कंपनी हरणाचं काहीच देत नव्हती. "आमच्या रस्त्यावर हरीण सोडून विमा! याला एकदा इकडे आणा कुणीतरी," असं म्हणत तिने तो कागद बाजूला केला. बाकी दोघं रॉजरइतकंच देत होते. मग रॉजरचे दुप्पट का?

मी उठायला लागलो.

"बस खाली. शेवटची सीट राहिली."

फेरी संपली की आमच्याकडे बसचा ड्रायव्हर शेवटच्या सीटपर्यंत चालत जातो, एखादं मूल झोपून तर राहिलं नाही ना ते बघायला. आयलीनने रॉजरच्या कागदांचं शेवटचं पान उलटलं. ते तिने कधी वाचलंच नव्हतं. त्यावर गाडी चालवणाऱ्यांची नावं होती. पहिलं आयलीन. दुसरं क्रिस्टा, गेल्या वर्षीच्या दोन अपघातांसकट आणि वेगाच्या एका दंडासकट.

घर सोडून नऊ वर्षं झालेली लेक! मी खो खो हसलो. आयलीन हसली नाही. त्या नावावर बोट ठेवून बसून राहिली. नाव काढून टाकायचं तिच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसत होतं. मग तिने रॉजरला फोन लावला. नाव निघालं आणि हप्ता तेराशेवर आला.

"दुसरीकडे अजून शंभर वाचतील," मी म्हणालो.

"वाचू देत. माझ्या आर्नेला खांदा द्यायला रॉजर आला होता."

आर्ने म्हणजे तिचा गेलेला नवरा. मी बाकीचे कागद गोळा केले.

तेवढ्यात क्रिस्टाचाच फोन आला. "मग आई, गाडीचं काय ठरलं?"

"राहतेय. अगं, माझ्या बसमध्ये एक मूल झोपून राहिलं होतं, ते आज उतरवलं." आणि तिने सगळं सांगितलं.

मग क्रिस्टा म्हणाली, "म्हणजे माझ्या धडकांचे पैसे तू भरत होतीस?"

"आणि वर गाडीही मीच विकणार होते! बरं, रविवारी येते तुझ्याकडे पेस्टी घेऊन. कुठे जायचं असेल तर सांग, मी सोडीन."