सशांच्या पोटातला कापूस

डबल क्रोशे म्हणजे कोणता टाका, सांगाल? सांगाच. मोबाइलवर पाहून शिकला असाल तर छाती फुगवून सांगाल, आणि सरिताइतकेच फसाल.

सरिता सिंदेवाहीकडच्या एका तलावकाठच्या गावातली. घरचे सगळे मासे धरणारे. क्रोशाचं विणकाम ती व्हिडिओ पाहून शिकली. शिकवणारी बाई अमेरिकेतली नावं वापरते, हे तिला कळायला मार्ग नव्हता. सुईवर एक वेढा घेऊन काढलेला उंच खांब म्हणजे डबल क्रोशे, एवढं तिनं डोक्यात पक्कं बसवलं.

मग चंद्रपूरच्या एका संस्थेतली पुनम लोकर आणि इंग्रजी पॅटर्नचा कागद घेऊन आली. तान्ह्या मुलांसाठी ससे विणायचे, माल परदेशी जाणार. सरितानं शब्द टाकला म्हणून चौघीजणी भाताची रोवणी सोडून तिच्या ओसरीवर बसल्या. रोवणी म्हणजे बायांची वर्षाची हक्काची मजुरी. ती सोडायला लावणं म्हणजे खेळ नाही.

कागदावर जिथं तिथं डबल क्रोशे. सरितानं उंच खांब घातले. पहिला ससा भरला, तर पोटातून कापूस डोकावला.

"भोकं पडून राह्यली ना वं," ती म्हणाली.

चौघींत थोरली भागीरथाबाई. तिचा जन्म जाळी विणण्यात गेला. तिनं एका भोकात करंगळी घातली, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. "सारी एकसारखी हायेत. हात साफ हाय तुया. अजून काय पाह्यजे?"

"बाई, ससा हाय तो. मासोळ्या नाई धराच्या त्यानं," सरिता म्हणाली.

सगळ्या हसल्या. सरिताही हसली, आणि शंका तिथंच मेली. जाळ्यांवर पोसलेल्या डोळ्यांना एकसारखी भोकं म्हणजे चोख काम. पाची जणींनी माना मोडून ससे विणले.

सगळा माल परत आला. कापूस बाळाच्या घशात जाईल, असं कळवलं होतं, आणि ते खरंच होतं. पुनमचा फोन आला. "अगं, पॅटर्न ब्रिटिश होता. त्यांचा डबल क्रोशे म्हणजे आपला आखूड, घट्ट टाका, अमेरिकेतला सिंगल क्रोशे. उंच खांबाला ते ट्रेबल म्हणतात."

"मंग ताई, वळखाचं कसं?"

"ब्रिटिश पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे कुठंच नसतं. ते दिसलं की समजायचं, अमेरिकन."

"हे आता सांगून राह्यल्या तुमी?"

"मलाही आत्ताच कळलं गं."

सरितानं कागदावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सिंगल कुठंच नव्हतं.

पुढचं काम दुसऱ्या गावाला गेलं. रोवणी तर केव्हाच उरकली होती. लोकर परत द्यायची म्हणून चौघी आल्या आणि ससे उसवत बसल्या. उसवलेली लोकर कुरळी पडते, ती काही केल्या सरळ होत नाही. भागीरथाबाई एकदाच बोलली, "मीच म्हनलं होतं, हात साफ हाय." कोणी हसलं नाही. त्यानंतर ओसरीवर कोणी आलं नाही. सरिता नळावर दिसली की इतवारी, चौघींतलीच एक, भरायच्या आधीच पाण्याचा गुंड उचलून चालू लागते.

संस्थेत म्हणतात, बायांना इंग्रजी येत नाही म्हणून हे झालं. मग इंग्रजी येणारी पुनम त्याच खड्ड्यात कशी पडली? कागदावर देशाचं नावच नव्हतं.

तेव्हा, कोणाच्या हाती पॅटर्न देत असाल तर आधी त्यावर ठळक लिहा, ब्रिटिश की अमेरिकन. आणि तुम्हालाच माहीत नसेल, तर तो कागद देऊ नका.