छप्पन्न वर्षांचं कुंकू

प्रल्हाद खराडे दुबईजवळ उम्म अल कुवैनला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. एकोणीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये. इंजिन चालू करून नुसता कान लावायचा आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचा. बोलायला मात्र महाकंजूष. आता अशा माणसाच्या पोटात काय दडलंय हे कुणाला कळणार? त्याने बाप पाहिलेला नव्हता, आणि बाप मेला असं म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती.

बाप दगडू खराडे, साताऱ्याकडचा, पलटणीत शिपाई. बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं, तेव्हा प्रल्हाद चार महिन्यांचा होता. जपान्यांनी हजारो हिंदी शिपाई धरले. काही दिवसांनी घरी एक कागद आला. त्यावर दगडूचा पलटणीतला नंबर आणि पुढे ‘बेपत्ता’. मेला असं लिहिलं नव्हतं ना? झालं! अठरा वर्षांच्या नर्मदेला तेवढं पुरलं. बारा वर्षांनी भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकून घेऊ. तिने त्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. विधवेच्या पेन्शनच्या कागदावर अंगठा घ्यायला सरकारी माणूस आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. रोज आंघोळ झाली की मेण लावून कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू. गाव आधी हसलं, मग कंटाळून गप्प बसलं.

अठ्ठ्याण्णव साली ही म्हातारी चौऱ्याहत्तर वर्षांची होऊन, व्हिजिट व्हिसावर लेकाकडे आलेली होती. कुंकू तसंच.

प्रल्हादचा साहेब ऑस्ट्रेलियन. लढाईत बुडालेली जहाजं पाण्याखाली जाऊन बघायची हा त्याचा नाद. दरवर्षी दुबईचे पाचसहा मित्र घेऊन कुठेतरी निघायचा. त्या वर्षी पापुआ न्यू गिनीतल्या राबाउलला जायचं ठरलं. दूरच्या बेटावरचं गाव, भोवती ज्वालामुखी, लढाईत जपान्यांचा मोठा तळ. पाण्याखाली जाताना पाठीवर बांधायच्या नळकांड्यांत हवा भरायचं मशीन सांभाळायला माणूस हवा होता. साहेब सहज म्हणाला, “सिंगापूरहून इंडियन कैदी नेले होते तिकडे. त्यांची कबरस्तानं आहेत, प्रल्हाद. यू कम?”

प्रल्हादच्या हातातला पाना खाली पडला. “येस सर,” तो म्हणाला.

घरी बायकोला, दर्शनाला, दबक्या आवाजात सांगितलं, तरी म्हातारीने ऐकलंच. तिने लेकाकडे बघितलं आणि म्हणाली, “जा. भेटलं तर सांग त्यास्नी, म्या हाय अजून.”

थट्टा नव्हती हो ती. भ्रमही नव्हता. त्याच दिवशी त्याने मनाशी पक्कं केलं, तिथे काहीही दिसो, घरी येऊन ‘काही सापडलं नाही’ एवढंच सांगायचं. या वयात आईचं कपाळ आपल्या हातून पांढरं व्हायला नको.

राबाउल म्हणजे अर्धं गाडलेलं गाव. चार वर्षांपूर्वी डोंगर फुटला होता, त्याच्या राखेत घरांची छपरं बसलेली. डोंगर अजून शांत नव्हता. दिवसातून दोनचार वेळा गडगडायचा, काळा लोट वर चढायचा आणि दाताखाली राख करकरायची. साहेब मंडळी खुशीत पाण्यात उड्या मारत होती. संध्याकाळी जपान्यांनी डोंगरात खोदलेली भुयारं, नारळीत गंजून पडलेली विमानं बघत फिरायची, फोटो काढायची. प्रल्हाद मशीनपाशी बसून गडगडाट मोजायचा. ही भुयारं कुणी खोदली असतील? त्याला भिंतीवरच्या घणाच्या खुणांकडे बघवेना.

कबरस्तानाचा नंबर शेवटच्या दिवशी लागणार होता. आदल्या दिवशी डोंगर असा बोलला की पत्र्यावर खडे पडले. गाइड म्हणाला, राख अशीच वाढली तर विमानं बंद. सकाळी उठून थेट एअरपोर्टच गाठा. प्रल्हादने जन्मात कधी साहेबाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी हात जोडले. “सर, माय फादर. वन अवर.” साहेब म्हणाला, “गाडी घे. नऊला विमान आहे. थांबणार नाही कुणी.”

उजाडताच तो ड्रायव्हरला घेऊन निघाला. सामान गाडीतच. कबरस्तान म्हणजे हिरवंगार गवत आणि त्यावर ओळीने बसके दगड. एका कोपऱ्यात सगळे हिंदी शिपाई. कित्येकांवर नावच नाही. प्रल्हाद वाकून एकेक दगड पुसत चालला. चौथी ओळ, पाचवी ओळ. नाही सापडलं तर बरं, असंही वाटत होतं. खोटं तरी बोलावं लागणार नाही! सहाव्या ओळीत त्याचा हात थांबला. लहानपणापासून पाठ असलेला नंबर. खाली नाव. खाली तारीख, पंचेचाळीसचा जुलै.

लढाई संपायला महिना राहिला होता. एक महिना! प्रल्हाद मटकन खाली बसला आणि छप्पन्न वर्षांचा बाप्या लहान पोरासारखा रडला.

आणि आता ऐका त्याने काय केलं. त्याने विचार असा केलाच नाही. बाप गेल्याचं कळलं की लेकाने आंघोळ करायची, डोकं-मिशी उतरवायची, पाणी द्यायचं. बातमी उशिरा आली म्हणून सुटका नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, ते हातापायांत असतं. त्याने गाडीतून दाढीचं सामान काढलं, ड्रायव्हरला खुणेने सांगितलं. तो काळासावळा बेटकर काही न विचारता नळापाशी बसला आणि त्याने प्रल्हादचं डोकं तासलं, मिशी उतरवली. प्रल्हादने नळाखाली आंघोळ केली, ओल्या अंगाने दक्षिणेला तोंड केलं आणि अंगठ्यावरून पाणी सोडलं. तीळ कुठले मिळणार तिथे! नुसतं पाणी. मनातलं ओझं उतरलं. धावतपळत विमान गाठलं. साहेबाने एकदा त्याच्या डोक्याकडे पाहिलं.

सिंगापूरला विमान बदलताना तो तोंड धुवायला गेला आणि आरशात बघून जागच्या जागी गार पडला.

अरे गाढवा! घरी जाऊन ‘काही सापडलं नाही’ म्हणणार होतास ना? या थोबाडाने? साताऱ्याच्या म्हातारीला उतरवलेली मिशी कळत नाही होय रे?

एअरपोर्टवर त्याने मिळाली ती टोपी विकत घेतली आणि कानापर्यंत ओढली. दुबईला न्यायला युसुफ आला होता. युसुफ खेडचा, टॅक्सी चालवणारा, प्रल्हादचा जुना दोस्त. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. “टोपी डोक्याला घातलीस, मिशीला काय घालशील? मक्केला उमऱ्याला गेलेलो असं सांगतोस काय?” मग हसू आवरून म्हणाला, “देऱ्याला चल माझ्या खोलीवर. अम्माचा व्हिसा कधी संपतो?”

“अकरा दिवसांनी.”

“मग खलास! बारा दिवस राह. साहेबाने कामाला अबू धाबीला पाठवलं, सांग फोनवर. अम्मा गावाला जातील, तुझी मिशी येईल.”

प्रल्हादला पटलं. अगदी पटलं. पेट्रोल पंपावरच्या बूथवरून त्याने घरी फोन लावला. दर्शनाने उचलला. तो अबू धाबीचं बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “कुठे आहात? आई सकाळपासून दारात बसल्यात. जेवल्या नाहीत. विमान उतरलं का, विमान उतरलं का, एकच चाललंय.”

त्याने फोन ठेवला. “घरी चल,” युसुफला म्हणाला. शारजा गेलं, अजमान गेलं. काय सांगायचं याची दहा वाक्यं त्याने जुळवली आणि दहाही मोडली.

दर्शना भाकरतुकडा ओवाळायला दारात आली. तिने त्याचं तोंड पाहिलं आणि तांब्यातलं पाणी सांडलं. तिच्यामागे म्हातारी उभी होती. तिने तुकडा ओवाळू दिला नाही. पुढे झाली, टोपी काढली आणि गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला.

“कुनाला इचारून केलंस?”

प्रल्हाद वाकून पायातले बूट काढू लागला.

“कुनाला इचारलंस रं? छप्पन्न वरसं म्या त्यास्नी जित्तं ठिवलं. आन् तू एका सकाळी उरकून आलास!” तिचा आवाज चढला. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. मग एकदम खाली बसली. बसल्या बसल्या तिने विचारलं, “पानी दिलंस?”

“दिलं, आई.”

“माज्या वाटचं दिलंस?”

खरंच दिलं नव्हतं. आपला बाप, आपलं पाणी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

“न्हाई ना? तुजा एकट्याचाच व्हता का तो?” म्हातारी उठली, पदर खोचला. “चल.”

युसुफने गाडी समुद्राकडे घेतली. दुपार टळली होती, किनाऱ्यावर कुणी नव्हतं. नऊवारीचा काचा गुडघ्यापर्यंत भिजला तरी नर्मदाबाई आत चालत राहिल्या. प्रल्हादने कोपर धरून ठेवलं. त्यांनी ओंजळ भरली.

“नाव घेऊन सोडायचं असतं, आई,” तो हळूच म्हणाला आणि त्याने जीभ चावली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून ते नाव त्याने काय, कुणीच ऐकलं नव्हतं.

नर्मदाबाईंनी विचारलं, “दगडावं वय लिवलंय का?”

“चोवीस.”

“चोवीस?” त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. “म्हंजी पोरच की रं.”

त्यांनी समुद्राकडे तोंड केलं आणि शिवारातून नातवाला जेवायला हाक मारावी तशी मोठ्याने हाक मारली, “दगडू! ए दगडू! घे रं बाळा पानी.” ओंजळ रिकामी झाली. मग त्याच ओल्या हाताने त्यांनी कपाळ पुसलं. मेण लवकर निघत नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा पाणी घेऊन पुसत राहिल्या.