कच्ची भांडी

कंपाउंडरने चाळीस वर्षं दवाखान्यात बाटल्या धुतल्या. औषधंही बांधली, डॉक्टरांची बोलणीही खाल्ली, पण त्याचा खरा जीव बाटलीत. गैरसमज नको, थेंबाला शिवत नव्हता. बाटली सोड्याच्या पाण्यात भिजवायची, आत ब्रश फिरवायचा आणि उजेडाकडे धरून बघायची. एक डाग दिसला की पुन्हा टबात. असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं डोकं खातो. यानेही खाल्लं.

घरामागच्या मोकळ्या जागेत धाकट्या भावाने दोन खोल्यांचा पाया खणायला घेतला. तिसऱ्या दिवशी विटांची कोसळलेली कमान लागली. कंपाउंडर तिथे पोचेपर्यंत कामगारांनी विटा उचलून रस्त्यातल्या खड्ड्यांत टाकल्याही होत्या. उरल्या होत्या बाटल्या, खापरं, बरण्यांची झाकणं.

"कुणाचा तरी उकिरडा असेल," धाकटा म्हणाला.

कंपाउंडरला मात्र वडील आठवले. त्यांना सगळी गल्ली 'थापाड्या' म्हणायची. का, तर ते सांगायचे की माझ्या आजोबांची याच जागेवर बरण्या भाजायची भट्टी होती, दूरदूरचे औषधवाले येऊन त्या न्यायचे. ना कागद, ना फोटो. लोक हसायचे, आणि हा थोरला पोरगाही त्यांच्यात सामील. एकदा तर भर पाहुण्यांत तो म्हणाला होता, "बाबा, भट्टी राहू द्या, एखादं मडकं तरी दाखवा." सगळे खो खो हसले. वडील उठून आत गेले आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी भट्टीचं नाव काढलं नाही. दुसरं काही विसरेल, पण ते आत जाणं कंपाउंडर विसरला नव्हता.

खणणं थांबव म्हणून तो धाकट्याच्या हातापाया पडला म्हटलं तरी चालेल. शेवटी धाकटा म्हणाला, "दादा, आठ दिवस थांबतो. संग्रहालयातल्या बाईंना बोलाव. भट्टी निघाली तर खोल्या दुसरीकडे बांधू. नाही निघाली तर त्यांच्या कागदावर सही करायची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मग कंपाउंडरच्या अंगात आलं. व्हरांड्यात चादर अंथरून तो एकेक बाटली फिरवून बघायला लागला. "हिची साच्याची शिवण मानेपाशी थांबते बघ. तोंड हाताने बसवलंय, म्हणजे जुनी. हिची पार ओठापर्यंत गेलीय, ही यंत्रातली. निळी, अंगावर उभ्या रेघा, ही विषाची. अंधारात नुसत्या बोटांना कळावं म्हणून." भावजय चहा घेऊन आली ती ऐकत तिथेच बसली. इतक्या वर्षांत त्या घरात त्याचं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

कमान होती तिथल्या कोरड्या पोकळीत त्याला आणखी तीन भांडी मिळाली होती. ओंजळीएवढी, राखाडी. एकाच्या काठावर अंगठ्याचा ठसा होता. माती चिकटून घट्ट बसलीय, भिजली की सुटेल, असा त्याने हिशेब केला. बाटली धुणाऱ्याला दुसरं काय सुचणार! बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी त्याने सगळा माल सोड्याच्या पाण्यात बुडवला. सकाळी बाटल्या लखलखत होत्या. तीन भांड्यांच्या जागी मात्र तळाशी नुसता गाळ. आत भांडं नव्हतंच, मातीचे गोळे होते, असं पुटपुटत त्याने टब गटारात उपडा केला.

बाई आल्या, बाटल्या पाहून थक्क झाल्या. "इतक्या स्वच्छ कुणी केल्या?"

"मी," कंपाउंडर छाती फुगवून म्हणाला.

"आणि ओळखल्यातही अगदी बरोबर, काका. पण बाटल्या न् खापरं काय, लोक कुठेही टाकतात. भट्टी म्हणायची तर कच्चं भांडं हवं. न भाजलेलं. ते कुणी लांबून आणून टाकत नाही, भट्टीपाशीच राहतं. असं काही सापडलं? राखाडी, पाण्यात घातलं तर विरघळणारं?"

कंपाउंडरने रिकाम्या टबाकडे पाहिलं. "होती," तो म्हणाला. "तीन."

"कुठे आहेत?"

"धुतली."

धाकट्याला हसू आवरेना. भावजयीने खाली बघून कपबशा गोळा करायला घेतल्या. कंपाउंडर धावत गटारापाशी गेला, मूठभर चिखल घेऊन आला आणि बाईंसमोर धरून उभा राहिला. काठ कसा होता, ठसा कुठे होता, सांगताना त्याचा आवाज चढत गेला, आणि तो जितकं सांगेल तितकी ती गोष्ट त्याच्याच कानांना खोटी वाटायला लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण लिहू काय?"

त्यांनी लिहिलं, 'भट्टीचा कोणताही पुरावा आढळला नाही.' खाली दोन्ही मालकांच्या सह्या हव्या होत्या. धाकट्याने केली आणि पेन पुढे केलं.

"मी पाहिली होती रे," कंपाउंडर म्हणाला.

"हो हो, असतील," धाकटा समजूत घालत म्हणाला. "सही कर, दादा."

हात धुऊन येऊन त्याने सही केली. इतकी वर्षं गल्ली वडिलांना नुसती थापाड्या म्हणत होती. आता ते कागदावर आलं, आणि खाली थोरल्या मुलाची सही होती.